कोल्हापूरच्या बचावफळीतून परदेशी क्लबकडे: खेळाडू आणि पालकांसाठी

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी, फुलेवाडी, प्रॅक्टिस अशा संघांचे समर्थक शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरून टाकतात, आणि सामना सुटल्यावर चौकाचौकांत नावे निघतात ती गोल मारणाऱ्यांची. बचावफळीत खेळणाऱ्या मुलाचे नाव त्याच्या हातून चूक झाली तरच निघते. तरीही या मुलांपैकी काहींच्या मनात, आणि त्यांच्या आईवडिलांच्याही मनात, एक प्रश्न असतो: या खेळावर पोट भरता येईल का, आणि बाहेरच्या देशात खेळता येईल का? येईल, पण त्याला एक क्रम आहे, आणि तो चुकला तर चांगला खेळाडूही अडकून पडतो. या कारकिर्दीचा फार मोठा भाग वयाच्या अठराव्या वर्षाच्या आत, इथे कोल्हापुरातच ठरून जातो, असे माझे ठाम मत आहे. तो ठरतो दोन गोष्टींवर: मुलाची कागदपत्रे किती चोख आहेत यावर, आणि चेंडू पायात नसताना कुठे उभे राहायचे याची सवय त्याला लागली आहे का यावर.

वाट किती अरुंद आहे

भारतातून परदेशात खेळलेल्यांची नावे थोडी आहेत. 1936 मध्ये मोहम्मद सलीम स्कॉटलंडच्या सेल्टिककडे गेले. 1999 मध्ये बायचुंग भुतिया इंग्लंडच्या बरी क्लबकडे, 2010 मध्ये सुनील छेत्री अमेरिकेच्या कॅन्सस सिटीकडे आणि 2012 मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगच्या दुसऱ्या संघाकडे, तर 2014 मध्ये गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू नॉर्वेच्या स्टाबेककडे गेला. महिलांमध्ये 2020 साली बाला देवी स्कॉटलंडच्या रेंजर्सशी करारबद्ध झाली आणि 2022 मध्ये मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलोनकडून युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. यांत गोल मारणारे आहेत, गोल अडवणारा आहे, पण बचावपटू दिसत नाही. बचावपटूचे अलीकडचे ठळक उदाहरण संदेश झिंगनचे. ऑगस्ट 2021 मध्ये क्रोएशियाच्या शिबेनिक क्लबने त्याला घेतले, तेव्हा तो 28 वर्षांचा होता आणि भारतीय संघाच्या बचावफळीचा आधार होता. तिथे पोहोचल्यावर लवकरच तो दुखापतग्रस्त झाला आणि एकही अधिकृत सामना न खेळता पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला एटीके मोहन बागानकडे परतला. त्याच्या धाडसाबद्दल मला मनापासून आदर आहे. मात्र त्यातून घेण्यासारखा धडा असा की अठ्ठाविसाव्या वर्षी पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्याच्या हाती एका दुखापतीनंतर पुन्हा उभे राहण्यासाठी फारसा वेळ उरत नाही.

बचावपटूची वाट अरुंद का, याचे कारण साधे आहे. अनेक देशांच्या लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा ठरलेल्या असतात. स्पेनच्या वरिष्ठ लीगमध्ये युरोपीय संघाबाहेरचे तीनच खेळाडू एका वेळी मैदानात उतरवता येतात. अशी मोजकी जागा क्लब सहसा गोल मिळवून देणाऱ्यावर खर्च करतो. इंग्लंडचे दार तर भारतीय पासपोर्टधारकासाठी जवळजवळ बंदच आहे, कारण 2021 पासून तिथे परदेशी खेळाडूला कामाचा परवाना गुणांच्या पद्धतीने मिळतो आणि त्यात राष्ट्रीय संघाच्या फिफा क्रमवारीला मोठे वजन असते, तर भारताचा आजवरचा सर्वोत्तम क्रमांक 1996 मधला 94 वा. म्हणून टीव्हीवर दिसणारे क्लब डोळ्यांसमोर ठेवून आखणी करू नये. क्रोएशिया, नॉर्वे, पोर्तुगालसारख्या देशांतील मधले आणि खालचे क्लब, दुय्यम विभाग आणि आशियातील लीग ही खरी दारे आहेत. डाव्या पायाचा सेंटर बॅक (बचावफळीच्या मध्यभागी खेळणारा) सगळीकडेच कमी सापडतो, त्यामुळे मुलगा मुळातच डावखुरा असेल तर त्याला केवळ उंची नाही म्हणून त्या जागेवरून लवकर हलवू नये.

खेळ कुठे बदलावा लागतो

दोन नियमांनी बचावपटूचे काम पालटले. 1992 पासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हाताने उचलता येत नाही, आणि 2019 पासून गोल किकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या आतच आपल्या खेळाडूला घेता येतो. परिणाम असा की आज हल्ल्याची पहिली पायरी सेंटर बॅकच्या पायातून पडते. आपल्याकडे मात्र बॅककडे चेंडू आला की स्टँडमधून ‘लांब मार’ अशी आरोळी उठते, आणि लांब मारलेल्या चेंडूला टाळ्याही मिळतात. पेठेच्या सामन्यातल्या त्या दडपणाखाली मुलाने लांब मारला तर त्याला दोष देता येणार नाही; पण सरावात, रोज, त्याच्याकडून गोलरक्षकाचा पास अर्धवट वळलेल्या शरीराने, दूरच्या पायावर घेऊन पुढे देण्याचा सराव करून घेतलाच पाहिजे. दुबळ्या पायाने वीस-पंचवीस मीटरचा अचूक पास देता येईपर्यंत परदेशाचा विचार पुढे ढकललेला बरा.

एखादा जाणकार निरीक्षक सामना पाहायला आला तर तो काय पाहतो, हे एका प्रसंगावरून सांगतो. प्रतिस्पर्ध्याचा विंगर उजव्या कडेने चेंडू घेऊन येतो आणि आपला लेफ्ट बॅक त्याच्यासमोर असतो. प्रेक्षकांना टॅकल, म्हणजे पाय घालून चेंडू काढून घेणे, हवे असते. निरीक्षकाची नजर मात्र त्याच्या आधीच्या दोन सेकंदांवर असते: चेंडू विंगरकडे जात असतानाच बॅकने धाव घेऊन अंतर कमी केले का, जवळ पोहोचताना वेग आवरला का, शरीर तिरके ठेवून त्याला आत येण्याऐवजी कडेच्या रेषेकडे ढकलले का, मान वळवून आपल्या पाठीमागे कोण आहे हे पाहिले का, आणि शेवटी पाय टाकलाच तर विंगरचा चेंडूवरचा स्पर्श लांब गेल्यावरच टाकला का. खासबागेच्या मैदानात जुना जाणता मल्ल जसा समोरच्याला आधी हात घालू देतो आणि त्याच्याच घाईचा फायदा उचलतो, तसा हा प्रकार आहे. कोल्हापूरच्या पोरांत धडक आणि जिद्द जन्मजात असते, ती कुठल्याही अकादमीत विकत मिळत नाही. तिला ही थांबण्याची शिस्त जोडली की खेळाडू वेगळाच दिसू लागतो.

मैदानाचाही विचार करावा. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन टणक होते, चेंडू उंच उसळतो आणि बॅकला त्याच्या उसळीचा अंदाज घेऊन मागे सरकण्याची सवय लागते. युरोपातील ओल्या, आखूड कापलेल्या गवतावर चेंडू घसरत, वेगाने येतो. तिथे मागे सरकणारा बॅक नेहमी अर्धा पाऊल उशिरा पोहोचतो. म्हणून पावसाळ्यात सराव बंद ठेवण्याऐवजी सुरक्षित ओल्या गवतावर तो चालू ठेवावा आणि शक्य तेव्हा कृत्रिम गवताच्या मैदानावरही खेळावे. बोलण्याची सवय हीसुद्धा कौशल्याचाच भाग आहे. ‘स्टेप’ (पुढे सरक), ‘ड्रॉप’ (मागे सरक), ‘मॅन ऑन’ (प्रतिस्पर्धी अंगावर आला), ‘टाइम’ (तुला वेळ आहे) एवढे चार शब्द योग्य क्षणी, मोठ्याने आणि न लाजता उच्चारणारा सेंटर बॅक अनोळखी देशात पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो. शरीराच्या बाबतीत फिफाचा ‘11+’ हा सुमारे वीस मिनिटांचा वॉर्म-अप लहान वयापासून रोज करावा, आणि हेडिंग करताना डोक्याला मार बसून भोवळ आली, उलटी झाली किंवा काही आठवेनासे झाले तर त्या दिवशी पुन्हा मैदानात पाऊल ठेवू नये, मग सामना अंतिम का असेना.

कागदपत्रे बाराव्या वर्षापासून

हा भाग रुक्ष वाटेल, पण इथेच सर्वाधिक नुकसान होते. मुलाचे नाव जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि पासपोर्ट या सर्वांवर अक्षरशः सारखे असावे. आडनावातील एका अक्षराचा फरकही व्हिसाच्या वेळी महिनाभर खातो. पासपोर्ट आधीच काढून ठेवावा. वय कमी दाखवण्याचा मोह कोणी कितीही घातला तरी त्याला बळी पडू नये, कारण 17 वर्षांखालील स्पर्धांत फिफा 2009 पासून मनगटाचा एमआरआय करते, आणि एकदा वय खोटे निघाले की त्या मुलाच्या शब्दावर पुढे कोणी विश्वास ठेवत नाही.

त्याहून महत्त्वाची आहे नोंदणी. खेळाडू कोणत्या क्लबकडून कोणत्या हंगामात खेळला याची नोंद कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघ या साखळीतून महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत पोहोचली पाहिजे. या नोंदींवरूनच पुढे खेळाडूचा ‘प्लेयर पासपोर्ट’ तयार होतो. फिफाच्या नियमानुसार करार चालू असताना खेळाडूचे आंतरराष्ट्रीय हस्तांतरण पैसे देऊन झाले, तर त्या रकमेचे 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात: 12 ते 15 या वयातील प्रत्येक हंगामाला 0.25 टक्के आणि 16 ते 23 मधील प्रत्येक हंगामाला 0.5 टक्के. एखाद्या पोराला चार-पाच वर्षे वाढवणाऱ्या कोल्हापूरच्या तालमीला, म्हणजे पेठेतल्या फुटबॉल संघाला, यातून रास्त वाटा मिळू शकतो, मात्र क्लब रीतसर संलग्न असेल आणि मुलाची नोंद तेव्हाच झाली असेल तरच. नोंदच नसेल तर हक्क मागायला कागद राहत नाही. आपल्या तालमी पदरचे पैसे घालून मुले घडवतात. त्यांच्या पदाधिकाऱ्यांनी हे काम एका माणसाकडे कायमचे सोपवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

याचीच दुसरी बाजू म्हणजे प्रशिक्षण भरपाई. पुरुष खेळाडूने पहिला व्यावसायिक करार केला, किंवा तेविसाव्या वाढदिवसाचे वर्ष संपण्याआधी तो दुसऱ्या देशात गेला, तर नव्या क्लबला त्याच्या प्रशिक्षणाची भरपाई द्यावी लागू शकते. छोटा परदेशी क्लब या रकमेला बिचकतो. बोलणी पुढे सरकल्यावर आपल्या भारतीय क्लबची भूमिका काय आहे, हे लेखी विचारून घ्यावे.

अठरा वर्षांचा उंबरठा

अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत फिफा आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाला परवानगी देत नाही. अपवाद आहेत, उदाहरणार्थ आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील तर. पण मुलाला खेळता यावे म्हणून वडिलांनी तिथे नोकरी पाहणे त्या अपवादात बसत नाही. तेव्हा सोळा वर्षांच्या मुलाला युरोपातील क्लबकडून ‘खेळवतो’ असे सांगून लाखो रुपये मागणारा माणूस एक तर नियम जाणत नाही किंवा तुम्हाला फसवतो आहे. पैसे भरून परदेशी अकादमीत शिकता येते, हे खरे. पण ते शिक्षण झाले, त्याला करार समजू नये.

मधली वर्षे भारतातच, पण कोल्हापूरबाहेर घालवावी लागतात. आपल्या अनिकेत जाधवने 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताची जर्सी घातली, त्याआधी तो बाहेरच्या प्रशिक्षण संस्थांतून घडत गेला होता. पेठेची ओढ मी समजू शकतो, तरीही चौदा-पंधराव्या वर्षी निवडचाचणीत यश आले तर मुलाला जाऊ द्यावे. पुढे युवा लीग, मग आयएसएल (इंडियन सुपर लीग) किंवा तिच्या खालची राष्ट्रीय लीग, आणि तिथे बाकावर बसून काढलेल्या हंगामांपेक्षा खालच्या विभागात नियमित खेळलेले सामने मोलाचे ठरतात. बचावपटूने आपली चित्रफीत तयार करताना निवडक टॅकलांची तीन मिनिटांची फीत पुरेशी मानू नये. सलग दोन-तीन पूर्ण सामने, शक्यतो एक हरलेला सामनाही, जोडावेत, कारण चूक झाल्यानंतरच्या दहा मिनिटांत बॅक कसा खेळतो हे प्रशिक्षकाला पाहायचे असते.

एजंट कोण, हे आधी पाहावे

फिफाने 2023 पासून एजंटसाठी पुन्हा परवाना आणि परीक्षा लागू केली आहे आणि परवानाधारकांची नावे फिफाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. नाव तिथे नसेल तर बोलणे तिथेच थांबवावे. प्रतिनिधित्वाचा करार जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो. चाचणीसाठीचे निमंत्रण क्लबच्या अधिकृत ईमेलवरून आले आहे का हे पाहावे आणि क्लबच्या संकेतस्थळावरील क्रमांकावर स्वतः विचारून खात्री करावी.

करार वाचताना

इथे घाई करू नये, आणि फुटबॉलची जाण असलेल्या वकिलाकडून करार वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. भारतीय फुटबॉलपटूंची संघटना, एफपीएआय, याच कामासाठी आहे आणि ती फिफप्रो या जागतिक संघटनेशी जोडलेली आहे.

पहिली गोष्ट पगाराची. लिहिलेली रक्कम कर कापण्यापूर्वीची आहे की हातात पडणारी, हे करारात शब्दांत असावे. काही देशांत या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. घरभाडे, वर्षातून एकदा येण्याजाण्याचे विमानभाडे आणि वैद्यकीय विमा कोण भरणार, हेही तिथेच लिहून घ्यावे. बचावपटूने गोलच्या बोनसमागे लागू नये. खेळलेल्या सामन्यांवर आणि गोल न स्वीकारलेल्या सामन्यांवर बोनस मागावा.

दुसरी गोष्ट अनेकांना माहीत नसते. वैद्यकीय तपासणी पार पडली तरच किंवा कामाचा परवाना मिळाला तरच करार लागू होईल, अशी अट फिफाच्या नियमांत बसत नाही. तपासणी सहीच्या आधी उरकणे ही क्लबची जबाबदारी आहे. तसे वाक्य करारात दिसले तर ते काढायला सांगावे, आणि क्लब ऐकत नसेल तर त्याच्या हेतूविषयी शंका घ्यावी. दुखापतीच्या काळात पगार चालू राहील, शस्त्रक्रिया कुठे होईल आणि पुनर्वसनाचा खर्च कोण करील, हे बचावपटूसाठी सर्वांत कळीचे कलम आहे, कारण गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला तर मैदानावर परतायला नऊ महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

तिसरी गोष्ट थकलेल्या पगाराची. दोन महिन्यांचे पगार थकले तर क्लबला लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांची मुदत द्यावी, आणि तरीही पैसे आले नाहीत तर खेळाडूला योग्य कारणाने करार संपवता येतो. नोटीस न देता रागाने बॅग भरून परत आलेला खेळाडू स्वतःच करारभंग करणारा ठरू शकतो. फिफाच्या तंटा निवारण कक्षाकडे दाद मागण्यासाठी दोन वर्षांची मर्यादा आहे. म्हणून प्रत्येक पगारचिठ्ठी, प्रत्येक संदेश आणि कराराची सही-शिक्क्याची प्रत घरी कोल्हापुरात एका फायलीत ठेवावी. हे काम आई किंवा बहीण सहसा खेळाडूपेक्षा चोख करते.

सही झाल्यावर आंतरराष्ट्रीय हस्तांतरण प्रमाणपत्र फिफाच्या ट्रान्स्फर मॅचिंग सिस्टीममधून एका महासंघाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि नोंदणीची खिडकी (खेळाडू नोंदवण्याची ठरावीक मुदत) उघडी असेपर्यंत ते पूर्ण व्हावे लागते. व्हिसासाठी मुंबई-पुण्याच्या फेऱ्या त्याच दिवसांत येतात. नॉर्वे-स्वीडनचा हंगाम वसंतात सुरू होऊन थंडीच्या तोंडावर संपतो, क्रोएशियाचा जुलै-ऑगस्टच्या सुमारास सुरू होऊन मे महिन्यात संपतो. आपला भारतीय हंगाम संपण्याची वेळ यांच्याशी जुळवून पाहावी, नाहीतर खेळाडू सहा महिने सामन्याविना राहतो.

तिथे गेल्यावर

पहिले तीन महिने कठीण जातात, हे घरच्यांनी आधीच धरून चालावे. संघात कोणी मराठी बोलणारे नसते, अंधार लवकर पडतो आणि ताटात तांबडा-पांढरा नसतो. स्वतःचा भात, डाळ, अंडी आणि कोंबडी रांधता येणारा मुलगा या काळात तग धरतो, म्हणून निघण्यापूर्वी त्याला स्वयंपाक शिकवावा. स्थानिक भाषेचे धडे पहिल्या आठवड्यापासून घ्यावेत, कारण बचावफळी बोलून चालते आणि गोलरक्षक घाईच्या क्षणी इंग्रजी शोधत बसत नाही.

जिममधल्या ओळखीच्या माणसाने दिलेली पावडर किंवा गोळी घेऊ नये, इथेही आणि तिथेही. उत्तेजकविरोधी नियमांत शरीरात सापडलेल्या पदार्थाची जबाबदारी खेळाडूची असते, ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर सहसा पुरत नाही, आणि बंदी चार वर्षांपर्यंत जाऊ शकते. सर्दी-खोकल्याचे औषधही क्लबच्या डॉक्टरला विचारूनच घ्यावे.

पैशाबाबत एवढेच, की परदेशी नोकरीसाठी गेलेला भारतीय आर्थिक वर्षात 182 दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला तर करासाठी साधारणपणे अनिवासी ठरतो. जाण्यापूर्वी सीएला भेटून खाते आणि विवरणपत्राची व्यवस्था लावावी. पदवीही अर्धवट सोडू नये, मुक्त विद्यापीठातून ती पूर्ण करता येते.

आणि शेवटच्या वर्षाची आखणी आधीपासून असावी. करार संपायला सहा महिने उरले की खेळाडूला दुसऱ्या क्लबशी मोकळेपणाने बोलणी करता येतात, त्यासाठी विद्यमान क्लबची परवानगी लागत नाही. त्या सहा महिन्यांच्या सुरुवातीलाच एजंटसोबत बसून आपण किती सामने खेळलो, कोणत्या जागेवर खेळलो आणि त्याच देशातील कोणत्या क्लबला पुढच्या हंगामात डाव्या किंवा उजव्या बाजूला माणूस लागणार आहे, याची यादी करावी. क्लबने खालच्या विभागात उसनवारीवर पाठवायचे सुचवले आणि तिथे दर आठवड्याला नव्वद मिनिटे मिळणार असतील, तर ते स्वीकारावे.